घरचे माइनक्राफ्ट-जग हलवताना : सर्व्हर निवडीचा आढावा

घरातली मुले माइनक्राफ्टचे एकच जग चार-पाच वर्षे बांधत राहिली, की ते जग एका सर्व्हर-सॉफ्टवेअरवरून दुसऱ्यावर न्यायची वेळ कधी ना कधी येतेच. जळगाव जामोदसारख्या सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या तालुक्याच्या गावात ती जरा लवकर येते. इथल्या बहुतेक मुलांचा खेळ फोनवर सुरू होतो. एकाच्या फोनवर जग असते आणि बाकीची भावंडे त्याच वाय-फायवरून आत शिरतात. ज्याच्या फोनवर जग, तो मामाच्या गावाला गेला की सगळ्यांचा खेळ बंद. पुढे थोरली ताई अमरावतीला किंवा पुण्याला शिकायला जाते, घरात लॅपटॉप येतो, परदेशी राहणाऱ्या काकांच्या मुलांनाही याच जगात यायचे असते. मग जग कुणा एकाच्या फोनमध्ये ठेवून भागत नाही. सर्व्हर लागतो, आणि कुठला सर्व्हर हा प्रश्न उभा राहतो.

या प्रश्नाचे उत्तर बहुतेक वेळा वेगावर, प्लगइनच्या संख्येवर किंवा कुणीतरी व्हिडिओत केलेल्या शिफारशीवर दिले जाते. माझे मत वेगळे आहे. सर्व्हर-सॉफ्टवेअर हे भाड्याचे घर आहे आणि मुलांनी बांधलेले जग हे आपले सामान. म्हणून आत जाण्यापूर्वी विचारायचे ते हे, की उद्या बाहेर पडावे लागले तर सगळे जसेच्या तसे नेता येईल का? या कसोटीवर आज उपलब्ध असलेल्या पर्यायांचा हा आढावा.

जग म्हणजे नेमके काय

माइनक्राफ्टची दोन घराणी आहेत. संगणकावरची जुनी जावा आवृत्ती आणि फोन, टॅबलेट, कन्सोल व विंडोजवर चालणारी बेडरॉक आवृत्ती. मार्कुस पर्सन यांनी मे २००९मध्ये लोकांसमोर ठेवलेला खेळ म्हणजे आजची जावा आवृत्ती. ती १८ नोव्हेंबर २०११ रोजी पूर्ण स्वरूपात प्रसिद्ध झाली. मायक्रोसॉफ्टने २०१४मध्ये हा खेळ बनवणारी मोयांग ही कंपनी अडीच अब्ज डॉलरना घेतली आणि २०१७पासून फोन, कन्सोल आणि विंडोज यांना एकत्र खेळता येईल अशी बेडरॉक आवृत्ती पुढे आली. दोन्हींत ठोकळे सारखे दिसतात, पण जग साठवण्याची पद्धत मुळातून वेगळी आहे.

जावा आवृत्तीतले जग हे एक साधे फोल्डर असते. त्यात ‘लेव्हल.डॅट’ या फाइलमध्ये जगाचे नाव, सीड, वेळ, हवामान आणि खेळाचे नियम असतात. जमीन आणि बांधकाम ‘रीजन’ या फोल्डरमध्ये असते. खेळ जमिनीचे १६ × १६ ठोकळ्यांचे तुकडे पाडतो. त्यांना चंक म्हणतात. असे ३२ × ३२ चंक मिळून एक रीजन फाइल होते. म्हणजे एका फाइलमध्ये ५१२ × ५१२ ठोकळ्यांची जमीन मावते, आणि नोव्हेंबर २०२१च्या १.१८ आवृत्तीपासून तिची खोली-उंची मिळून ३८४ ठोकळे आहे. ही साठवण-पद्धत मार्च २०१२पासून मूळ रूपात टिकून आहे, आणि जावाचे जग हलवणे शक्य होते ते त्यामुळेच.

बेडरॉकचे जग मात्र ‘लेव्हलडीबी’ या डेटाबेसमध्ये असते. फोनवरून ते एका फाइलच्या रूपाने बाहेर काढता येते. ती फाइल म्हणजे प्रत्यक्षात एक झिप गठ्ठा. बेडरॉकवरून बेडरॉकवर हलवणे त्यामुळे सोपे आहे. बेडरॉकवरून जावावर किंवा उलट जायचे, तर फाइल नुसती उचलून चालत नाही. ठोकळा न् ठोकळा एका पद्धतीतून दुसऱ्या पद्धतीत उतरवावा लागतो.

हे जवळून पाहायचे तर आपल्याच तालुक्यातले उदाहरण घेऊ. समजा, घरच्या जगात मुलांनी भेंडवळची घटमांडणी बांधली आहे. अक्षय्य तृतीयेला शेतात मांडतात तसा गोल घट, भोवती धान्ये, मधोमध खड्डा, त्यात चार ढेकळे आणि वर घागर. खेळात ढेकळे मातीच्या ठोकळ्यांची होतील, घागर म्हणून सजवलेले मडके ठेवता येईल, आणि धान्यांसाठी गहू, बीट, भोपळा, कलिंगड यांच्या बिया चौकटीत लावून भोवती मांडता येतील. पाहणाऱ्याला ही एकच रचना दिसते. फोल्डरमध्ये मात्र ती दोन ठिकाणी विभागलेली असते. माती आणि मडके ‘रीजन’मध्ये असतात, तर बियांच्या चौकटी ‘एंटिटीज’ या दुसऱ्याच फोल्डरमध्ये. २०२१च्या १.१७ आवृत्तीपासून गावकरी, गाई-बैल, चित्रे, चौकटी हे सगळे तिथे साठवले जाते. जग हलवताना फक्त ‘रीजन’ उचलले, तर नव्या सर्व्हरवर घट दिसेल, घागर दिसेल, पण एकही धान्य दिसणार नाही. शिवाय ते मडके जून २०२३च्या १.२० आवृत्तीत आलेले आहे. त्याआधीच्या आवृत्तीवर चालणाऱ्या सर्व्हरला ते ठाऊकच नाही, त्यामुळे घागरही जाईल. जग हलवताना होणारी बहुतेक नासधूस याच दोन प्रकारची असते. एक, फोल्डरचा एखादा भाग मागे राहतो. दोन, नवे जग जुन्या आवृत्तीत उघडले जाते.

सर्व्हर येतात, सर्व्हर जातात

सर्व्हर-सॉफ्टवेअरचा इतिहास माहीत असला की वरची कसोटी का महत्त्वाची ते पटते. मोयांगचा मूळ सर्व्हर अगदी साधा होता. त्यात परवानग्या, जमिनीचे संरक्षण, चोरीला आळा अशा सोयी नव्हत्या. त्या पुरवण्यासाठी २०१०मध्ये ‘एचमॉड’ आणि त्याच्या पाठोपाठ ‘बकिट’ हा प्रकल्प आला. बकिटने प्लगइनची पद्धत रुजवली आणि जगभरचे सर्व्हर त्यावर उभे राहिले. २०१२मध्ये त्याचे मुख्य विकसक मोयांगमध्ये रुजू झाले.

सप्टेंबर २०१४मध्ये मात्र बकिटच्याच एका योगदात्याने आपल्या कोडच्या वापरावर कॉपीराइटची हरकत घेतली आणि ‘क्राफ्टबकिट’ या बकिटच्या सर्व्हरचे डाउनलोड बंद पडले. ज्यांनी आपली जगे त्यावर उभी केली होती, त्यांना एकाएकी दुसरा आसरा शोधावा लागला. तो ‘स्पिगॉट’ने दिला. २०१२मध्ये बकिटमधूनच फुटलेल्या या प्रकल्पाने सर्व्हरची तयार फाइल वाटण्याऐवजी ती प्रत्येकाने आपल्याच संगणकावर बांधून घ्यावी अशी वाट काढली. स्पिगॉटवर आधारलेला ‘पेपर’ही २०१४मध्ये सुरू झाला, आणि डिसेंबर २०२४मध्ये त्याने स्पिगॉटपासून स्वतंत्र होण्याचे जाहीर केले. खेळातच भर घालणाऱ्या मॉडच्या बाजूलाही असेच घडले. ‘फोर्ज’ २०११पासून होते, ‘फॅब्रिक’ २०१८मध्ये आले, आणि २०२३मध्ये फोर्जच्या विकसकांतून ‘निओफोर्ज’ वेगळे झाले.

या सगळ्या उलथापालथीत ज्यांच्याकडे जगाची साधी, मूळ सर्व्हरला वाचता येईल अशी प्रत होती, त्यांचे नुकसान झाले नाही. प्लगइन बदलले, आज्ञा बदलल्या, जग राहिले. प्लगइनच्याच डेटाबेसमध्ये ज्यांची निम्मी व्यवस्था अडकली होती, त्यांचे हाल झाले.

आजचे पर्याय

पहिला पर्याय मोयांगचा स्वतःचा जावा सर्व्हर, ज्याला सगळे व्हॅनिला म्हणतात. तो मोफत आहे. एका खेळाडूचे जग त्यात जसेच्या तसे बसते आणि तितक्याच सहजपणे बाहेर येते. मुलांनी लावलेले प्रत्येक रेडस्टोन (खेळातल्या विजेवर चालणारे) यंत्र तिथे अपेक्षेप्रमाणे चालते. उणीव एवढीच, की जुन्या संगणकावर तो लवकर दमतो. खेळ सेकंदाला २० ठेके धरून चालतो. एका ठेक्याचे काम ५० मिलिसेकंदांत उरकले नाही, की खेळ मंदावतो आणि मुले ‘लॅग येतोय’ म्हणून ओरडू लागतात.

दुसरा पर्याय पेपर. आज प्लगइनच्या जगात सर्वाधिक वापर याचा होतो. तो वेगवान आहे आणि त्याच्यासाठी हजारो प्लगइन मिळतात. बांधकाम मोडले तर ते कुणी मोडले हे शोधून पूर्ववत करण्याची सोय लहान मुलांच्या घरात फार उपयोगी पडते. पण वेग मिळवण्यासाठी पेपर खेळाच्या वागण्यात काही बदल करतो. खेळाडूपासून दूर असलेल्या प्राण्यांचे आणि गावकऱ्यांचे काम तो कमी करतो, आणि वस्तू दुप्पट करून देणाऱ्या खेळातल्या चुका तो बुजवतो. वाळू किंवा टीएनटी दुप्पट करण्यावर चालणारी यंत्रे त्यामुळे पेपरवर आल्या आल्या बंद पडतात. अशा काही गोष्टी सेटिंगमध्ये पुन्हा चालू करता येतात, पण हे आधी ठाऊक नसले तर मुलांना वाटते की जग बिघडले.

तिसरा पर्याय फॅब्रिक. याची फोल्डरची मांडणी व्हॅनिलासारखीच असते. ‘लिथियम’सारखे मॉड खेळाचे वागणे न बदलता त्याला वेग देतात. रेडस्टोनमध्ये रमलेल्या मुलामुलींच्या घरासाठी मला हा पर्याय सर्वांत योग्य वाटतो. मात्र फॅब्रिक, फोर्ज किंवा निओफोर्जवर नवे ठोकळे आणणारे मोठे मॉड लावले, की परतीची वाट अरुंद होते. मॉड काढला की त्याचे ठोकळे जगातून नाहीसे होतात, आणि त्यांच्या जागी भगदाडे उरतात.

चौथा पर्याय बेडरॉकचा अधिकृत सर्व्हर. घरात सगळेच फोनवर खेळत असतील तर दुसरे काही शोधायचे कारण नाही. फोनमधले जग बाहेर काढायचे, सर्व्हरच्या ‘वर्ल्ड्स’ फोल्डरमध्ये ठेवायचे, सेटिंगच्या फाइलमध्ये त्याचे नाव लिहायचे, झाले. तो विंडोजवर आणि लिनक्सच्या उबुंटूवर चालतो. रास्पबेरी पायसारख्या छोट्या संगणकासाठी त्याची अधिकृत फाइल नाही. फोनवरचा खेळ आपोआप अद्ययावत होतो, म्हणून सर्व्हरही त्याच दिवशी अद्ययावत करावा लागतो, हे लक्षात ठेवायचे.

पाचवा पर्याय म्हणजे दोन्ही घराण्यांना जोडणारा ‘गीझर’. जावा सर्व्हरवर हे प्लगइन बसवले की फोनवाले त्याच जगात येऊ शकतात, आणि सोबत ‘फ्लडगेट’ असेल तर त्यांना जावाचे वेगळे खाते लागत नाही. लॅपटॉपवरची ताई आणि फोनवरचा धाकटा एकाच वाड्यावर काम करू शकतात ते याच्यामुळे. आपल्याकडच्या मिश्र घरांसाठी गीझरइतकी उपयोगाची दुसरी गोष्ट या क्षेत्रात झालेली नाही. जग जावाच्या पद्धतीतच राहते, हा त्याचा मोठा गुण. फोनवरचा खेळ अद्ययावत झाला की गीझरही अद्ययावत होईपर्यंत थांबावे लागते, ही त्याची मर्यादा.

सहावा पर्याय ‘रेल्म्स’, म्हणजे मोयांगची मासिक वर्गणीची सेवा. मालकाखेरीज एका वेळी दहा जण खेळू शकतात, सांभाळ कंपनी करते, आणि जगाची प्रत हवी तेव्हा उतरवून घेता येते. ज्यांच्या घरी संगणकाचा नाद कुणालाच नाही, त्यांनी संकोच न करता हा मार्ग घ्यावा. जावाचे आणि बेडरॉकचे रेल्म्स मात्र वेगवेगळे आहेत, त्यामुळे मिश्र घराचा प्रश्न यातून सुटत नाही.

सातवा पर्याय माइनक्राफ्टच्या बाहेरचा, ‘लुआंटी’. फिनलंडच्या पेर्टू आहोला यांनी २०१०मध्ये सुरू केलेला हा मुक्त प्रकल्प ऑक्टोबर २०२४पर्यंत ‘माइनटेस्ट’ या नावाने ओळखला जाई. तो पूर्ण मोफत आहे, जुन्या संगणकावर चालतो आणि त्याचा कोड सर्वांसाठी खुला आहे. जगाचा डेटाबेस एका प्रकारातून दुसऱ्या प्रकारात नेण्याची आज्ञा त्याच्या सर्व्हरमध्येच आहे, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. पण माइनक्राफ्टचे जग त्यात नेणे अपुरेच राहते. ज्यांना नवे जग सुरू करायचे आहे, विशेषतः शाळेच्या संगणक-कक्षात, त्यांच्यासाठी तो उत्तम आहे.

हलवताना काय हरवते

सर्वांत जास्त दुखापत होते ती खेळाडूंच्या ओळखीची. एप्रिल २०१४पासून जावा आवृत्ती खेळाडूला नावाने नव्हे, तर यूयूआयडी या लांबलचक क्रमांकाने ओळखते. ‘प्लेयरडेटा’ फोल्डरमध्ये प्रत्येकाची एक फाइल असते आणि फाइलचे नाव म्हणजे तो क्रमांक. सर्व्हर अधिकृत खात्यांची पडताळणी करत असेल, तर क्रमांक खात्यावरून येतो. पडताळणी बंद असेल, तर तो नुसत्या नावावरून तयार केला जातो. अनेक घरांत मुलांनी सुरुवात फुकटच्या, अनधिकृत लाँचरवर केलेली असते. पुढे आईबाबा रीतसर खाते घेऊन देतात, सर्व्हरवर पडताळणी सुरू होते, आणि त्या दिवशी प्रत्येकाचा क्रमांक बदलतो. मूल आत येते तर अंगावर चिलखत नाही, झोळी रिकामी, एंडरचेस्ट रिकामी, आणि उभे कुठे, तर जगाच्या आरंभबिंदूवर.

यावर उपाय आहे. जुन्या फाइलला नव्या क्रमांकाचे नाव दिले की सामान परत मिळते. ‘ॲडव्हान्समेंट्स’ आणि ‘स्टॅट्स’ या फोल्डरमधल्या फाइलींनाही हेच करावे लागते. पण पाळलेला कुत्रा तेवढ्याने परत येत नाही. आपला मालक कोण, हे त्या कुत्र्याच्या नोंदीत जुन्या क्रमांकाने लिहिलेले असते. मूल समोर उभे राहून हाक देत असले तरी खेळाच्या लेखी ते कुणीतरी परके असते. तो क्रमांक एनबीटी एडिटर या नोंदी बदलण्याच्या साधनाने, प्रत्येक प्राण्याच्या नोंदीत जाऊन बदलावा लागतो. लहान मुलांना हिऱ्यांपेक्षा कुत्रा जाणे जास्त लागते, म्हणून हे काम टाळू नये. फ्लडगेटमधून येणाऱ्या फोनवाल्यांचे क्रमांक आणखी वेगळे असतात, त्यामुळे त्यांच्याबाबतही हीच काळजी घ्यावी लागते.

दुसरे नुकसान फोल्डरच्या मांडणीतले. व्हॅनिला आणि फॅब्रिक नेदर व एंड ही दोन्ही जगे मुख्य फोल्डरच्या आतच ठेवतात. स्पिगॉट आणि पेपर यांनी आजवरच्या बहुसंख्य आवृत्त्यांत ती वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवली आहेत. व्हॅनिलावरून पेपरवर जाताना पेपर हे स्थलांतर आपोआप करतो. उलट येताना मात्र ते हाताने करावे लागते. न केल्यास नेदर कोरा, नव्याने तयार झालेला दिसतो आणि मुलांनी तिथे बांधलेले रस्ते गेले असे वाटते. प्रत्यक्षात ते जुन्या फोल्डरमध्ये सुखरूप असतात.

तिसरे नुकसान जमिनीच्या सांध्याचे. आवृत्ती बदलली की जमीन तयार करण्याची पद्धत बदलते आणि जुन्या-नव्या प्रदेशांच्या सीमेवर उभे कडे तयार होतात. १.१८पासून खेळ हे सांधे बऱ्यापैकी मिसळून देतो. त्याहून जुन्या जगांसाठी ‘एमसीए सिलेक्टर’ हे साधन फार उपयोगी आहे. प्रत्येक चंकमध्ये खेळाडू तिथे किती वेळ होते याची नोंद ठेक्यांत असते. १२०० ठेके म्हणजे एक मिनिट. कुणी मिनिटभरही थांबले नाही असे चंक निवडून काढून टाकता येतात. जग हलके होते, अपलोड लवकर होते, आणि नवी आवृत्ती ती जमीन नव्याने घडवते.

चौथे नुकसान दोन घराण्यांमधले रूपांतर करताना होते. ‘चंकर’ आणि ‘ॲम्युलेट’ ही साधने ठोकळे चांगले उतरवतात. पण प्राणी, गावकरी आणि खेळाडूंचे सामान यांची खात्री धरू नये. जावातली रेडस्टोनची काही खास वागणूक बेडरॉकमध्ये नाहीच, त्यामुळे यंत्रे पुन्हा बांधावी लागतात. बेडरॉकवरून जावावर येणे हे एकदाच करायचे काम समजावे, आणि एकदा आल्यावर पुन्हा उलटा प्रवास करू नये.

सर्व्हर कुठे ठेवायचा

सॉफ्टवेअर ठरले तरी ते चालवायचे कुठे, हा प्रश्न आपल्या भागात तितकाच मोठा आहे. घरच्या संगणकावर चालवायचे तर दोन अडचणी येतात. पहिली विजेची. वीज अचानक गेली की शेवटच्या सेव्हनंतरचे काम जाते, आणि फाइल लिहिली जात असतानाच गेली तर तो तुकडा खराब होऊ शकतो. संगणक आणि राउटर दोन्ही इन्व्हर्टरवर किंवा यूपीएसवर हवेत.

दुसरी अडचण इंटरनेटच्या पत्त्याची. मोबाइल नेटवर्कवर आणि अनेक फायबर जोडण्यांवर शेकडो ग्राहकांना मिळून एकच सार्वजनिक पत्ता दिलेला असतो. मग राउटरवर जावासाठीचे २५५६५ किंवा बेडरॉकसाठीचे १९१३२ हे पोर्ट उघडूनही बाहेरगावचे भावंड आत येऊ शकत नाही. कंपनीकडून स्थिर पत्ता घेणे हा त्यावर एक उपाय. ‘टेलस्केल’ किंवा ‘प्लेइट’सारखी बोगद्याची सेवा हा दुसरा. टेलस्केलमध्ये सर्व्हर फक्त घरच्यांच्याच उपकरणांना दिसतो, म्हणून कुटुंबासाठी मला तो जास्त सुरक्षित वाटतो.

‘ॲटर्नॉस’सारखी मोफत सेवा सुरुवातीला चांगली आहे. कुणी खेळत नसेल तेव्हा ती सर्व्हर बंद करते, आणि जग उतरवून घेण्याची सोय देते. पैसे भरून सर्व्हर घ्यायचा असेल तर तो मुंबईतल्या डेटा सेंटरमधला घ्यावा. युरोपातला सर्व्हर स्वस्त मिळाला तरी प्रत्येक ठोकळा फोडताना अंतर जाणवते.

सुरक्षिततेबद्दल एक गोष्ट निक्षून सांगायची आहे. डिसेंबर २०२१मध्ये ‘लॉग४जे’ या जावा-घटकातली गंभीर त्रुटी उघड झाली आणि माइनक्राफ्टच्या सर्व्हरवर तिचा वापर लगेच दिसला. चॅटमध्ये एक विशिष्ट ओळ टाइप करून सर्व्हरच्या संगणकाचा ताबा मिळवता येत होता. मोयांगने तातडीने १.१८.१ आवृत्ती काढली. जुने सर्व्हर-सॉफ्टवेअर ‘चालतेय ना’ म्हणून तसेच ठेवणे म्हणजे घरातल्या संगणकाचे दार उघडे ठेवणे आहे. व्हाइटलिस्ट, म्हणजे आत येऊ शकणाऱ्यांची यादी, नेहमी चालू हवी आणि अधिकृत खात्यांची पडताळणीही.

हलवण्याची रीत

पर्याय कुठलाही घेतला तरी क्रम तोच राहतो. आधी सर्व्हर ‘स्टॉप’ ही आज्ञा देऊन बंद करावा. खिडकीची फुली दाबून नव्हे. मग जगाचे पूर्ण फोल्डर, एकही उपफोल्डर न वगळता, दोन ठिकाणी उतरवावे. सर्व्हर बंद करणे शक्यच नसेल, तर आधी आपोआप सेव्ह होणे थांबवावे, सगळे सेव्ह करून घ्यावे, प्रत काढावी आणि मग सेव्ह पुन्हा सुरू करावे. चालू सर्व्हरच्या फाइली तशाच उचलल्या तर काही चंक अर्धवट येतात.

नव्या सर्व्हरवर पहिल्यांदा जग उघडताना आवृत्ती तीच ठेवावी. सॉफ्टवेअर आणि आवृत्ती एकाच दिवशी बदलल्यास काय कशामुळे बिघडले हे कळत नाही. सगळे नीट दिसल्यावर पुढच्या आठवड्यात आवृत्ती वाढवावी. सर्व्हर ज्यावर चालतो त्या संगणकावरच्या जावा या सॉफ्टवेअरची योग्य आवृत्तीही तपासावी, खेळाच्या १.१८पासून जावा १७ लागते आणि १.२०.५पासून जावा २१. जग मोठे असेल तर व्हॅनिला सर्व्हरला ‘फोर्स अपग्रेड’चा पर्याय देऊन सगळे चंक एकदम नव्या पद्धतीत आणता येतात. वर गेलेली आवृत्ती खाली आणता येत नाही, म्हणून जुनी प्रत पुसू नये.

नव्या जगात पहिल्यांदा मोठ्यांनी शिरावे आणि एक यादी घेऊन फिरावे. प्रत्येक मुलाची झोळी, एंडरचेस्ट, पाळीव प्राणी, गावकऱ्यांचे सौदे, चौकटी आणि चित्रे, नेदरचे दरवाजे, आणि मुलांना सर्वांत प्रिय असलेली तीन-चार बांधकामे. यादी पूर्ण झाली की मगच सगळ्यांना बोलवावे. जुना सर्व्हर महिनाभर तसाच राहू द्यावा, मात्र त्यावर कुणाला खेळू देऊ नये. नाहीतर एकाच जगाच्या दोन वेगळ्या प्रती वाढू लागतात आणि त्या पुन्हा जोडता येत नाहीत.

एक प्रत घराबाहेर असावी, हे आपल्या भागात वेगळे पटवून द्यायला नको. जुलै २०२३च्या अतिवृष्टीत जळगाव जामोद आणि संग्रामपूर तालुक्यांत गावोगाव घरांत पाणी शिरले. संगणकाच्या शेजारी ठेवलेली पेनड्राइव्ह अशा वेळी संगणकासोबतच जाते. एक प्रत क्लाउडवर किंवा बाहेरगावी राहणाऱ्या भावंडाच्या लॅपटॉपवर असली पाहिजे.

कुणी काय घ्यावे

सगळे फोनवर खेळत असतील, तर बेडरॉकचा अधिकृत सर्व्हर घ्यावा. घरात तो सांभाळणारे कुणी नसेल, तर रेल्म्स. सगळे संगणकावर असतील आणि रेडस्टोनची आवड असेल, तर फॅब्रिक आणि सोबत फक्त वेग देणारे मॉड. लहान मुले, तोडफोडीची भीती आणि बाहेरचे मित्र असा मेळ असेल, तर पेपर. फोन आणि संगणक दोन्ही असतील, आणि आपल्याकडच्या बहुतेक घरांत तेच असते, तर पेपरवर गीझर व फ्लडगेट. मोठे मॉड लावायचे असतील तर त्यासाठी वेगळे जग सुरू करावे. वर्षानुवर्षे बांधलेल्या घरच्या जगावर तो प्रयोग करू नये.

यांपैकी काहीही निवडले तरी वर्षातून एकदा जगाची प्रत मोयांगच्या साध्या सर्व्हरवर उघडून पाहावी. जावाचे जग जावाच्या सर्व्हरवर, बेडरॉकचे बेडरॉकच्या. ती तिथे उघडली, तर तुमचे जग कुठल्याही सॉफ्टवेअरवर अवलंबून नाही याची खात्री पटेल. उघडली नाही, तर दुरुस्तीला अजून वेळ आहे हे तरी कळेल. मुलांनी वर्षानुवर्षे मन लावून केलेले काम आहे ते. घराच्या कागदपत्रांना जितके जपतो, तितके त्यालाही जपा, आणि पहिली प्रत आजच काढा.